शिंप्याची जागा

मी बसलो की माझी कंबर दुखते आणि पडलो की पाय, म्हणून मी आपला फिरत असतो. बायको असती तर म्हणाली असती, पायाला भिंगरी लावलीय मेल्यानं. बायको नाही, म्हणून शेजारीण म्हणते. त्यात गेले दोन महिने मी संस्थेच्या हॉलमध्ये पोरांना एक नाच शिकवतोय आणि तो नाच एका जागी अडकून बसलाय. आयुष्यभर अडकलेल्या लिफ्ट सोडवायचा पगार घेतला आणि म्हातारपणी एक गिरकी सुटेना. माझं डोकं फिरलं होतं.

नाचाचं नाव साखळी. तो आमच्या मास्तरांनी बसवलेला. मास्तर आठवडाभर शाळेत भूगोल शिकवायचे आणि रविवारी दुपारी, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, आम्हा सगळ्यांना नाचवायचे. खाली पाटी होती 'व्यायामवर्ग'. त्या व्यायामानं आमच्यातला बेकरीवाला दरवर्षी जाड होत गेला, तरी घरमालकाला कधी शंका आली नाही. वर आलं, दार लावलं, की आम्ही एकमेकांना 'अगं' म्हणायचो. बाहेर मी कोपरापर्यंत ग्रीस लागलेला मेकॅनिक, आत मी वरखालीबाई. एक वकील होता, त्याला आत्याबाई म्हणत, कारण ती लग्नं जमवायचीही आणि मोडायचीही. हॉस्पिटलात वॉर्डात काम करणारा होता, तो नर्सबाई. दोघं जण इतके सारखे दिसायचे की त्यांना जुळे नाव पडलं. ते भाऊ नव्हते, चांगलं नांदतं जोडपं होतं. मास्तर धरून असे आठ. आठवा शिंपी, आणि शिंपी माझा होता.

खोली एवढीशी, त्यात आठही जणांना एका वेळी घरातून, कामातून सुटून येणं कठीण. म्हणून मास्तरांनी ज्याला जेव्हा जमेल तेव्हा बोलावून प्रत्येकाला फक्त त्याची चाल शिकवली. दुसऱ्याची चाल बघायची नाही, शिकायची नाही, गोंधळ होतो, अशी त्यांची शिस्त. सगळे जमले की ते टेप लावायचे आणि आठ तुकडे आपोआप एकमेकांत बसायचे. तेव्हा ती गंमत वाटायची. आता आठातला मी एकटा उरलोय आणि माझ्याकडे फक्त माझा तुकडा आहे.

बाकीचे मी आठवून आठवून उभे केले. इथे डावीकडून कुणाचा हात यायचा, पिठाचा वास यायचा म्हणजे बेकरीवाला, मग तो आधी कुठे असणार, असं करत करत. पोरं हुशार आहेत, त्यांनी बरंच धरलं. पण शेवटाकडे एक जागा आहे. तिथे मी लोकांकडे तोंड करून, मागे न बघता, सरळ मागे पडायचो आणि शिंप्याचे हात माझ्या खांद्याखाली यायचे. एक ठोका आधी तो पार पलीकडच्या टोकाला असायचा. तिथून तो माझ्यामागे कसा यायचा हे मला माहीत नाही. माझी तिकडे पाठ होती.

शिंप्याच्या जागी घेतलेला पोरगा बाहेरून वळसा घालून धावत यायचा आणि दर वेळी उशिरा पोचायचा. पडणारा धाडकन आपटायचा. मग त्यांनी गादी आणून टाकली. संस्था चालवणारी ताई, जी दिवसभर लोकांच्या तपासण्या, गोळ्या आणि रडणं सांभाळते, ती फार समजूतदारपणे म्हणाली की काका, पडणं काढून टाकू, नुसती गिरकी ठेवू, कुणाला कळणार आहे. मी तिच्यावर इतका ओरडलो की पोरांनी टेप बंद केला. मला कळणार होतं. रविवारी कार्यक्रम होता, त्या वर्षांत गेलेल्यांच्या आठवणीचा, आणि माझ्या गेलेल्या शिंप्याची एकच गोष्ट माझ्याकडे शिल्लक होती, ती म्हणजे मी पडायचो आणि तो धरायचा. तेवढंही काढलं तर काय दाखवायचं, आठ पुरुष हातात हात घालून गोल फिरतात हे?

त्या वर्षांबद्दल पोरांना सगळं माहीत असतं असं त्यांना वाटतं. त्यांना एड्स म्हणजे रोज एक गोळी आणि सहा महिन्यांनी रक्त तपासणी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, असंच असायला हवं. पण आमच्या वेळी माणूस वाळायला लागायचा, मग घरचे येऊन त्याला घेऊन जायचे, आणि शेजारपाजारी कावीळ म्हणून सांगायचे. आमच्यात एक नियम होता: घरच्यांना विचारायचं नाही. तुम्ही कोण, असं त्यांनी उलट विचारलं असतं तर काय सांगणार होतो? आणि आपण उत्तर दिलं असतं तर तो आजारी माणूस त्या घरात कसा राहिला असता? सुरुवातीला नर्सबाई वॉर्डातून खबर आणायची, कोण आहे, कोण गेलं. मग नर्सबाईच गेली. त्यानंतर आमच्याकडे एकच खूण उरली. खोली रिकामी झाली आणि घरमालक फिनेलनं फरशी धुताना दिसला की समजायचं, संपलं. मग रविवारी वर जमायचो, टेप लावायचो नाही, नुसते बसायचो.

शिंप्याची खोली धुतली जाताना मी स्वतः पाहिली. मी रस्त्यापलीकडे उभा होतो. टेम्पोत त्याचं मशीन चढवलं, कापडाचे गठ्ठे टाकले, त्याचा भाऊ पुढे बसला, टेम्पो गेला. मग बादली आली. मी तिथून थेट कामावर गेलो, एका दवाखान्याची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती.

मला एड्स का झाला नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. डॉक्टर म्हणाले नशीब. नशीब म्हणायचं तर माझं फार विचित्र आहे.

तर, कार्यक्रमाचं पोस्टर छापलं. वर आमचा आठ जणांचा जुना फोटो, खाली गेलेल्यांची टोपणनावं, कारण खरी नावं छापली तर आजही कुणाच्या तरी घरात आग लागेल. ती पोस्टरं आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या तपासणी केंद्रांवरही लागली. आणि एका दुपारी, मी हॉलमध्ये गादीभोवती येरझाऱ्या घालत असताना ताई बाहेर आली आणि म्हणाली, काका, आधी बसा. मी म्हटलं मला बसता येत नाही, उभ्याउभ्याच सांग. तिला एक फोन आला होता. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. तो एवढंच म्हणाला, "तो शिंपी मेलेला नाही. तेवढं खोडा." आणि ठेवून दिला.

मी बसलो.

नंबर ताईकडे उमटला होता. तिनं मला द्यायला नकार दिला, त्या माणसाची इच्छा विचारल्याशिवाय देता येत नाही म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. मग तिनं स्वतः फोन लावला, माझं नाव सांगितलं, आणि कितीतरी वेळ नुसती ऐकत राहिली. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली की ते शाळेचे गणवेश शिवतात, गिऱ्हाईक म्हणून या म्हणाले, सकाळी, आणि घरात जास्त बोलू नका म्हणाले.

मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मला राग आला. बसमध्ये बसून तासन्‌तास मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडलो. तीसेक वर्षं मी या माणसाचं सुतक धरून बसलो. दुसरं कुणी आलं दारात तर त्याला धड घरात घेतलं नाही. आणि हा शहाणा गणवेश शिवत बसलाय! शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, एक माणूस जिवंत निघालाय, त्याचा त्रास होतोय. तिनं जागा बदलली.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. आत स्वयंपाकघर, मध्ये पडदा. मशीनवर एक टकला, बारीक म्हातारा निळ्या कापडाला कॉलर लावत होता. त्यानं वर पाहिलं. चेहरा मी कदाचित ओळखला नसता, पण सुई दातात धरायची ती घाणेरडी सवय ओळखली.

"काय शिवायचंय?" तो मोठ्यानं म्हणाला.

"शर्ट," मी म्हटलं.

त्यानं टेप घेतला आणि माझी मापं घ्यायला उठला. पडद्याआड भांडी वाजत होती. त्याच्या पुतण्याची बायको होती ती. पुतण्या जेवायला घरी यायचा. भाऊ-वहिनी केव्हाच गेले होते आणि हा काका म्हणून राहत होता, छातीचा जुना आजार असलेला, लग्न न केलेला, स्वभावानं गरीब. हे सगळं त्यानं मला खांद्याचं माप घेताना, ओठ फारसे न हलवता सांगितलं. त्या विद्येत आम्ही दोघंही तरबेज होतो.

त्यानं माझ्या छातीभोवती टेप फिरवला तेव्हा मी हळूच म्हटलं, "मेल्या, जिवंत आहेस."

"सुटलीस किती गं," तो म्हणाला. "पोट बघ."

कितीतरी वर्षांत मला कुणी 'गं' म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही राग आला. मी म्हटलं, मी तुझी खोली रिकामी होताना पाहिली. तो म्हणाला, माहितीये. मी विचारलं, कसं माहितीये. त्यानं टेप माझ्या मनगटाला लावला आणि तिथेच धरून ठेवला.

"मी टेम्पोतच होतो," तो म्हणाला. "आधीच आत आणून निजवलेला, मशीनच्या मागे, गठ्ठ्यांआड. उठता येत नव्हतं. तू पलीकडे उभा दिसलास. भाऊ पुढे होता, हाक कशी मारणार?"

मी त्या टेम्पोपासून रस्त्याच्या रुंदीवर उभा होतो. पुढे होऊन आत डोकावलो असतो तर दिसला असता. पण घरच्यांच्या जवळ जायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की पाय हललेच नाहीत, आणि त्याच्या तोंडून हाक निघाली नाही ती त्याच कारणानं.

मग तो मरायला टेकला होता, तेवढ्यात नव्या गोळ्या आल्या. तालुक्याच्या डॉक्टरनं गुपचूप सुरू केल्या. उभं राहता आल्यावर तो घरी खोटं सांगून आमच्या शहरात आला होता. थेट खोलीवर गेला. खाली सायकलचं दुकान तसंच, वर पोरांची शिकवणी लागलेली, नवी पाटी, जिना धुतलेला आणि फिनेलचा वास. सायकलवाल्याला त्यानं एवढंच विचारलं, वरचे व्यायामवाले कुठे गेले. तो म्हणाला, संपले सगळे.

मी म्हटलं, अरे, पण माझी कंपनी होती, तिथे विचारायचंस. मी तर पुढे कितीतरी वर्षं त्याच कंपनीत होतो. मुख्य रस्त्यावर ऑफिस होतं.

"कोण म्हणून विचारू?" तो म्हणाला.



पडदा सरला. सून चहा घेऊन आली, तिशीतली, हाताला साबणाचा फेस. काका गिऱ्हाइकांशी इतकं कधी बोलत नाहीत म्हणाली आणि माझ्याकडे जरा निरखून पाहून आत गेली. चहा पिताना शिंपी मशीनच्या स्टुलावर बसला आणि मी तीन पावलांच्या त्या खोलीत फिरत राहिलो. त्यानं विचारलं, मी गेलो तेव्हा तुम्ही काय केलंत. मी म्हटलं, काय करणार, बसलो. तो म्हणाला, नीट सांग. कोण कोण होतं, काय बोललात, सगळं सांग.

मी सांगितलं. नर्सबाई आणि बेकरीवाला आधीच गेले होते, तेव्हा पाच जण होतो. मास्तर म्हणाले, शिंप्याइतकं स्वच्छ वळण कुणाचंच नव्हतं. एका जुळ्यानं त्यानं शिवलेला शर्ट घातला होता, तो काढून मधे ठेवला आणि उघडाच बसला. आत्याबाई म्हणाली, माझ्या पँटची बाजू अजून उसवलेली आहे, आता ती कोण शिवणार, आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागली. शिंपी हे असं ऐकत होता, जणू आपल्याच लग्नाचं वर्णन ऐकतोय. मधेच थांबवून विचारायचा, मग, मग? सगळ्यात जास्त कोण रडलं? मी म्हटलं, आत्याबाई. तो जरा खट्टू झाला. मी म्हटलं, मी रडलोच नाही, मी जिन्यात जाऊन बसलो, मला दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखं झालं होतं आणि अजून तसंच आहे. मग त्याचं समाधान झालं.

कप खाली ठेवून तो म्हणाला, "तुमचं बरं होतं. मला तुम्ही सगळे एका दिवशी मेलात."

त्या सायकलवाल्याच्या दारातून तो परत बसस्टँडवर आला होता. घरी पोचला तेव्हा सगळे जेवायला बसलेले. वहिनीनं ताट वाढलं. जेवलो नाही तर विचारतील, म्हणून तो जेवला. दुसऱ्या दिवशी शाळेचे पन्नास-साठ फ्रॉक द्यायचे होते, ते शिवले. सात माणसं गेली आणि कुणाला सांगायची सोय नाही. रडू आलं की मशीन जोरात चालवायचा. वहिनी शेजारणीला सांगायची, आमच्या भावोजींना कामाची फार हौस.

मी फिरायचा थांबलो. बसमध्ये गोळा केलेला सगळा राग कुठे ठेवू कळेना. शेवटी मी म्हटलं, चल, मला ती जागा दाखव. मी पडायचो तेव्हा तू कुठून यायचास?

तो हसला. "एवढं माहीत नाही तुला? मी खालून यायचो. जुळ्यांच्या हातांखालून, वाकून. बाहेरून कोण पळत जाईल?"

मग आम्ही कपाट आणि मशीन यांच्यामधल्या जागेत उभे राहिलो. मी दाराकडे तोंड केलं. तो इस्त्रीच्या टेबलापाशी गेला. दोन खुर्च्यांमध्ये त्यानं टेप ताणून बांधला, तेच जुळ्यांचे हात. तोंडानं ठोके मोजायला लागला. मला कंबर, साठी उलटलेलं वय, फरशी, सगळं आठवलं, पण तोवर मी पडलो होतो. त्याचे हात आले. बरोबर खांद्याखाली आले. पण आम्ही दोघंही आता जड आणि म्हातारे, तेव्हा पुढे दोघं मिळून इस्त्रीच्या टेबलावर आदळलो आणि कात्री खणकन खाली पडली. सून धावत बाहेर आली. शिंपी मला तसाच धरून म्हणाला, फिटिंग बघतोय. शर्ट अजून बेतलाही नव्हता. तिनं कात्री उचलून टेबलावर ठेवली आणि आत गेली, पण पडदा उघडाच राहिला.

मी कानात कुजबुजलो, रविवारी ये. तुझ्या जागेवर उभा राहा, एकदाच. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, घरी काय सांगू? मी धडाधड थापा सुचवल्या. कापड आणायला जातो म्हण. ते पुतण्या आणतो. डॉक्टरला दाखवायचंय म्हण. तर तो सोबत येईल. जुना दोस्त आजारी आहे म्हण. तो म्हणाला, ते मी प्रत्येक वेळी वापरलंय, माझे सगळे दोस्त आजारी पडून झालेत. मी म्हटलं, मग राहू दे, मी पोरांना खालून यायला शिकवतो, तुझं नाव पोस्टरवरून काढतो. एवढं बोलून मी दाराकडे निघालो. मला पुढची बस पकडायची होती, नाहीतर मी तिथेच काहीतरी तमाशा केला असता.

दारात पुतण्या आला. उंच, घामेजलेला, हातात डबा. मला नमस्कार केला, काकांना म्हणाला, आज उशीर झाला, भूक लागलीय. सुनेनं आतून हाक दिली की दोन मिनिटांत वाढते. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. मी चपला शोधत होतो.

"रविवारी मला शहरात जायचंय," शिंपी मागून म्हणाला. "मयताला."

मी वळलो. मी डोळ्यांनी खुणा केल्या, गप्प बस म्हणून, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"कोण गेलं, काका?" पुतण्यानं विचारलं.

शिंप्यानं खुर्च्यांना बांधलेला टेप सोडला. सावकाश गुंडाळला. मला वाटलं, आता तो एखादं जुनं गिऱ्हाईक सांगेल, एखादा दूरचा शेटजी सांगेल, आणि मी मान हलवून दुजोरा देईन.

"मास्तर गेले," तो म्हणाला. "नर्सबाई गेली. बेकरीवाला गेला. आमचे वकील, आत्याबाई म्हणायचो त्यांना, ते गेले. जुळे गेले, दोघंही. माझी माणसं होती. एड्स झाला त्यांना. मलाही तोच आहे, छातीचं काही नाही. हा एक उरलाय, हा न्यायला आलाय."

पुतण्यानं डबा खाली ठेवला. त्याला काय विचारावं कळत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मयताची बातमी आली की माणूस जे विचारतो, तेच त्यानं विचारलं.

"कधी?"

"फार वर्षं झाली," शिंपी म्हणाला. "मला जायला जमलं नव्हतं."

आत सुनेनं गॅस बंद केला, बाहेर आली आणि खाली बसली.